कुंपणातली फट

2023 च्या डिसेंबरात वारस नोंदीच्या कामासाठी मला दोन दिवस गावी जावं लागलं होतं. कराडहून एसटीनं पाऊण तास, मग फाट्यापासून चालत. पहिल्या रात्री दमून झोपले आणि पहाटे पाचच्या सुमाराला जाग आली ती काकीच्या बोलण्यानं. कुणाशी तरी अगदी हळू, मनधरणी केल्यासारखी बोलत होती, "सोड गं माझी बाय, सोड, आलंय बघ, तुझंच हाय..." मला वाटलं शेजारची एखादी लेक बाळंतपणाला आलीय की काय. शाल गुंडाळून मागच्या दारानं गोठ्यात गेले. पिवळा बल्ब, शेणाचा कोमट वास, कुट्टीचा गोडसर वास, आणि त्या सगळ्याच्या खाली अजून एक वास, मिठात खारवलेल्या कातड्याचा, जो मला आधी ओळखूच आला नाही. काकीची म्हैस, चंद्री, उभी होती. तिच्या तोंडापुढं तिचं रेडकू उभं होतं आणि ती ते चाटत होती, मानेपासून पाठीपर्यंत, जिभेचा खरखर आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. काकी कासेला पाणी मारून सड चोळत बसलेली. मी अर्धवट झोपेत, त्यामुळे रेडकू हलत नाहीये हे कळायला मला बराच वेळ लागला. पाय म्हणजे काठ्या होत्या. डोळ्यांच्या जागी सुतळीचे टाके होते आणि पोटाखालच्या शिवणीतून भाताचा पेंढा बाहेर आला होता.

मग पान्हा आला. कास तटतटली, सड भरले आणि पहिली धार रिकाम्या बादलीच्या बुडावर वाजली, तो पातळ टणक आवाज, जो थोड्या वेळानं फेसात बुडत बुडत जाड होत जातो. लहानपणी सुट्टीत मी याच आवाजानं उठायचे, तो ऐकला की आज शाळा नाही हे आठवून परत पांघरुणात शिरायचे. त्या दिवशी तो मला ऐकवेना आणि तिथून निघवेना पण. धार काढून झाल्यावर काकीनं ते रेडकू मागच्या पायांना धरून उचललं आणि पडवीतल्या खुंटीला उलटं टांगलं. चंद्रीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आत्ता दहा मिनिटांपूर्वी जे इतकं मायेनं चाटत होती ते तिच्यासमोर खुंटीला लटकत होतं आणि ती निवांत वैरणीला तोंड लावत होती.

तरी सकाळचा चहा मी त्याच दुधाचा घेतला.

रेडकाचं मला माहीत होतं तसं, फोनवर कळलेलं. चंद्री कार्तिकात व्यायली तेव्हा काकीनं एका ओळखीच्या माणसाबरोबर बाटलीत चीक पाठवला होता. मी गूळ-वेलदोडा घालून खरवस केला, सोसायटीत चार घरी दिला, सगळे म्हणाले असा खरवस पुण्यात मिळत नाही. रेडकू बाराव्या दिवशी गेलं. हगवण लागली होती. काकानं पहाटे ते पोत्यात घातलं, मागच्या शेराच्या कुंपणात जिथं माणूस जाईल एवढी फट आहे तिथनं पलीकडं नेलं, गावातल्या एका जाणत्या माणसाकडून कातडं काढून घेतलं आणि बाकीचं बांधाला पुरलं. चंद्री आठ दिवस पान्हा चोरत होती. मग मीठ लावून वाळवलेलं ते कातडं पेंढा भरून शिवून घेतलं. काकी त्याला काहीच नाव देत नव्हती. पहाटे काकाला हाक मारून म्हणायची "ते आणा", आणि झाल्यावर "ते ठेवा".

माझ्या मनात जे अडकून बसलं ते पहाटेचं नाही, दुपारचं आहे. तलाठ्याकडून बारा-साडेबाराला परत आले आणि सावलीला म्हणून गोठ्याच्या ओट्यावर बसले. चंद्री दाव्याला जेवढा ताण देता येईल तेवढा देऊन मागं वळून उभी होती, गव्हाणीकडं पाठ करून. कुंपणातल्या त्या फटीकडं बघत होती. तिथं काही नव्हतं. ऊन, शेराच्या काड्या, पलीकडं ज्वारीचा हिरवा तुकडा. मधूनच घशातल्या घशात एक बारीक आवाज काढायची. म्हैस एरवी रेकते तो आवाज सगळ्यांना माहिती, गावाच्या वेशीपर्यंत जातो, पण हा तो नव्हता. हा पिल्लू जवळ असताना त्याच्यापुरता काढायचा आवाज, बंद तोंडातून येणारा. आवाज काढायची आणि कान पुढं करायची. मग परत वैरण. मग परत वळून तीच फट. मी तासभर तरी बसले असेन. तिच्या डाव्या हाताला चार फुटांवर खुंटीला ते टांगलेलं होतं, आणि तिकडं तिनं तासाभरात एकदाही मान वळवली नाही.

मी काकीला विचारलं. ती परातीत मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तिथनंच न्हेलं न्हवं त्येला. तिनं बघितलंय की."

"मग सकाळी ते चाटते कशी? तिला कळत नाही का ते खोटं आहे?"

काकी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "कळत आसंल. कास ठणकती गं. तिला बी मोकळं व्हायचं आसतंय."

पुण्याला परत आल्यावर हे मी आमच्या एका चुलतभावाला सांगितलं. तो शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेला, जनावरांत जन्म काढलेला माणूस, त्यानं शांतपणे सगळं समजावून सांगितलं. गाईच्या कासेत खाली टाकीसारखी जागा असते तिथं साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच उतरलेलं असतं, पण म्हशीचं जवळपास 95 टक्के दूध वर बारीक पेशींच्या पिशव्यांमध्ये अडकलेलं असतं. मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरलं तरच त्या पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली येतं. यालाच आपण पान्हा म्हणतो. पिल्लाचा वास, त्याचं ढुशा देणं, त्याला चाटणं, यानं ते सुटतं. भीती वाटली, दुखलं, अनोळखी माणूस आला की उलटं होतं, अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि पान्हा अडतो. म्हणून गाईपेक्षा म्हशीच्या बाबतीत रेडकू मेलं की शेतकऱ्याची जास्त पंचाईत. आणि चाटण्याचं म्हणशील तर ताई, कातड्याला मीठ असतं, जनावरं मिठासाठी काहीही चाटतात, भिंतसुद्धा. तो हे सगळं काही तोडून टाकल्यासारखं बोलत नव्हता. पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, हे सगळं खरं आहे, आणि यातल्या एकाही गोष्टीनं ती दुपार सुटत नाही. मिठासाठी चाटत असेल तर मिठासाठी पान्हा फुटतो का? भिंत चाटून कुठल्या म्हशीनं दूध सोडलंय?

नंतर कितीतरी दिवस भांडी घासताना, सिग्नलला थांबले असताना माझ्या डोक्यात हेच चालू असायचं. जनावरांना मन असतं का, भावना असतात का, यावर जगभर एवढं लिहिलं जातं, आणि इकडं आमच्या गोठ्यात तो प्रश्न कुणालाच पडलेला नाही. पडला असता तर कातड्यात पेंढा भरायचं सुचलंच नसतं. म्हशीला आई असणं कळतं, तिला तिचं मूल दुसऱ्याच्या मुलापेक्षा वेगळं कळतं, तिला त्याची आठवण येते, आणि तिच्या मनात काय चाललंय त्यावर तिच्या शरीरातलं दूध अवलंबून आहे, हे सगळं पक्कं माहीत असल्याशिवाय ती सुई-सुतळी कुणी हातात घेत नाही. आपण जनावराच्या मनाला नाकारलं म्हणून त्याच्याशी असं वागतो असं मला आधी वाटायचं. तसं नाहीये. आपल्याला ते माहीत आहे. आपण ते दुधासाठी वापरतो.

आपली भाषा बघा ना. 'पान्हा चोरते' म्हणतो आपण, चोरी करायला मनात काहीतरी असावं लागतं, लपवायचं कळावं लागतं. 'झुरणीला लागलं' हे माझ्या आजोबांच्या तोंडी माणसापेक्षा बैलाबद्दलच जास्त ऐकलंय. त्यांची एक खिल्लार जोडी होती, हरण्या आणि पाखऱ्या. बैलाची बाजू ठरलेली असते, पाखऱ्या डावीकडचा. हरण्याला एका पावसाळ्यात पान लागलं, म्हणजे साप चावला, सकाळी गोठ्यात पडलेलाच सापडला, तोंडाला फेस. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन, मला त्या मेलेल्या बैलापेक्षा पाखऱ्या जास्त आठवतो. त्याला पाण्यावर नेलं की तो दगडी डोणीच्या डाव्या टोकाला उभा राहायचा. डोण आख्खी रिकामी, पण उजवीकडची एका बैलाची जागा सोडून उभा राहायचा आणि पाणी प्यायचाच नाही, नुसतं नाकपुड्या फुगवून पाण्यावर फुंकायचा. रस्त्यानं मोकळा चालवला तरी डाव्या चाकोरीतून चालायचा. आजोबांनी आठ दिवस बघितलं, मग त्याला डोणीवर न्यायचंच बंद केलं, बादलीनं जागेवर पाणी द्यायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे पायाला लागलंय त्याच्या. बैलाला दुःख झालंय असं चारचौघात म्हणायला त्यांना लाज वाटत असावी, किंवा ते इतकं उघड होतं की बोलायचं काय त्यात. त्या वर्षी बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आजी तूप-हळदीची वाटी घेऊन आली आणि रिवाजाप्रमाणं म्हणायचं असतं ते, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, ते म्हणायला लागली आणि मध्येच थांबली. दरवर्षी दोघांना म्हणायची. आजोबा म्हणाले, म्हण की, त्याला एकट्याला बी म्हण.

पुढं शास्त्रज्ञ काय म्हणतात ते मी वाचत गेले, थोडं थोडं, रात्री मुलगी झोपल्यावर. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला 2014 सालचा एक प्रयोग माझ्या अजून डोक्यात आहे. डेअरीतल्या वासरांना आधी शिकवलं, समोरच्या पडद्यावर एक रंग दिसला की जवळ गेल्यावर दूध मिळतं, दुसरा दिसला की मिळत नाही. लाल आणि पांढरा. वासरं पटकन शिकली. मग त्यांना मधले रंग दाखवले, फिकट गुलाबी, गडद गुलाबी, ज्याचा अर्थ त्यांना कुणी शिकवलेला नाही. एरवी अशा गुलाबीकडं वासरू बऱ्याचदा जाऊन बघतं, असेल दूध म्हणून. आईपासून तोडल्यावर तीच वासरं त्याच गुलाबीकडं कमी जायला लागली. शिंगं डागल्यावरही तेच झालं होतं. म्हणजे आई गेल्यावर वासरू ओरडतं एवढंच नाही, तर ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याच्याकडंही ते नसेलच असं धरून बघायला लागतं. माझी आई गेली त्या वर्षी मला फोन वाजला की काहीतरी वाईटच असणार असं वाटायचं, कुरिअरवाल्याचा असला तरी. त्या गुलाबी पडद्यापुढं थांबलेलं वासरू मला म्हणून लगेच कळलं. 2024 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी मिळून एक जाहीरनामा काढला, सस्तन प्राण्यांना आणि पक्ष्यांना जाणीव असते याला भक्कम आधार आहे आणि माशांपासून खेकडे-कीटकांपर्यंत ती असण्याची खरी शक्यता आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल निर्णय घेताना ती धरून चाला. मला बरं वाटलं वाचून. आणि एकीकडं आजोबांची ती बादली आठवत राहिली.

पण ती सकाळ आणि ती दुपार एकाच म्हशीत कशी बसते हे मला यातल्या कशानंच कळलं नाही. ते कळलं माझ्याच एका जुन्या गोष्टीवरून, जी मी इतकी मागं टाकली होती की जोडायचंच सुचलं नव्हतं.

माझी मुलगी 2018 च्या मे महिन्यात झाली. त्या जुलै-ऑगस्टमध्ये रात्री तिला पाजताना एका हातानं मोबाईल बघायची सवय लागली होती, आणि तेव्हाच त्या ओर्का (किलर व्हेल) मादीची बातमी रोज येत होती. कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवरच्या समुद्रातली, तालेक्वा नावाची. तिचं पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासात गेलं आणि ती ते डोक्यावर तोलून पोहत राहिली, बुडायला लागलं की खोल बुडी मारून परत वर आणायची. एक दिवस, दोन दिवस, 17 दिवस. जवळपास 1600 किलोमीटर. मी रोज रात्री दोनला उठल्यावर आधी बघायची, सोडलं का तिनं. सोडावं असं वाटायचं आणि सोडू नये असंही. आई म्हणायची ओल्या बाळंतिणीनं असलं वाचू नये. (2024 संपून 2025 लागताना तिचं अजून एक पिल्लू गेलं आणि तिनं परत तेच केलं. ती बातमी मी पूर्ण वाचली नाही.)

नोव्हेंबरमध्ये सहा महिन्यांची रजा संपली आणि मी ऑफिसला जायला लागले. मुलगी आईकडं. ऑफिसात त्यासाठी वेगळी खोली वगैरे नव्हती, स्टेशनरी ठेवायच्या खोलीला आतून कडी होती, तिथं जुन्या प्रिंटरच्या खोक्यावर बसून मी पंपानं दूध काढायची. पहिले तीन दिवस दूधच आलं नाही. छाती दगडासारखी, दुखून डोळ्यात पाणी, कपडे ओले व्हायचे नको त्या वेळेला, मीटिंगमध्ये, आणि पंप लावला की थेंबभर. ज्या बाई मला हे शिकवत होत्या त्या म्हणाल्या, अगं मशीनला बघून कसं येईल? तिचं एखादं न धुतलेलं झबलं घेऊन जा पिशवीतून, आणि मोबाईलवर तिचा व्हिडिओ लाव, रडण्याचा असला तर उत्तम. मी नेलं. लंगोटाचा, तेलाचा, आंबट दुधाचा वास असलेलं पिवळं झबलं नाकाशी धरलं, व्हिडिओ लावला, आणि एक मिनिटसुद्धा गेलं नसेल, मुंग्या आल्यासारखं होऊन दूध धो धो आलं. पुढं पाच महिने रोज दोनदा मी हेच केलं. झबलं, व्हिडिओ, पंप. त्या काचेवर मी बोट फिरवायची, तिच्या गालावरून, आणि मला पक्कं माहीत होतं की काच गार आहे, तिथं माझी मुलगी नाही, ती सिंहगड रोडला आजीच्या मांडीवर आहे. एक क्षणही माझी फसवणूक झाली नव्हती. दूध तरी येत होतं. आणि झाल्यावर मोबाईल पिशवीत टाकून मी खिडकीशी जायची, जिथून आमच्या घराकडं जाणारा रस्ता दिसतो.

हे आठवलं तेव्हा मी बसमध्ये होते, उभीच, आणि मला खांबाला धरावं लागलं.

चंद्री फसलेली नव्हती. काकी बरोबर म्हणाली होती, कळत आसंल. तिच्याकडं तिच्या पिल्लाच्या कातडीचा जेवढा वास उरला होता तेवढ्याला तिचं शरीर उत्तर देत होतं, आणि बाकीची ती दिवसभर फटीकडं बघत होती. मी माणूस आहे म्हणून माझं हे नाटक नव्हतं आणि तिचं मात्र मीठ आणि सवय, असं मला आता म्हणता येत नाही. फरक आहे, आणि तो मोठा आहे. माझी मुलगी संध्याकाळी सहाला भेटायची. आणि पंपातलं दूध तिच्यासाठी होतं.

इथं मला एक गोष्ट लिहायलाच हवी जी मी काकीकडून नंतर ऐकली आणि तिनं ती स्वतःहून सांगितली. रेडकू नर होतं म्हणून गेलं. रेडी असती तर पहिल्याच दिवशी डॉक्टर आला असता. गावात आता रेडा कुणी पाळत नाही, शेतीला ट्रॅक्टर आहे, म्हशी भरवायला रेतमात्रा मिळते, त्यातही मादीच जन्माला येईल अशी महाग का होईना मिळते. नराला पाजलेलं प्रत्येक लिटर म्हणजे डेअरीत न गेलेलं लिटर. त्याला कुणी मारत नाही. नुसतं तोंडी लावायचं, दोन-चार ढुशा मारल्या आणि पान्हा आला की मानेला धरून ओढून बाजूला बांधायचं, शेवटी सडात काही राहिलं तर राहिलं. ते अशक्त होतं, माती चाटायला लागतं, आणि एक दिवस हगवण लागते. काकी म्हणाली, "ह्यांनी मुद्दाम न्हाई केलं. पर धावपळ बी न्हाई केली." मला काकांना नाव ठेवता येत नाही. त्यांची पोरं या दुधावर शिकली, माझ्या फीच्या वेळेला माझ्या बापालाही याच दुधाच्या पगारातून पैसे दिलेले मला माहिती आहेत. आणि त्या रेडकाचा चीक मी गूळ-वेलदोडा घालून खाल्लेला. चीक हा जन्मलेल्या पिल्लासाठी औषध असतो, पहिल्या काही तासांत पोटात गेला तरच त्याला रोगाशी लढायची ताकद येते. त्याला पोटभर मिळाला की नाही हे मी काकीला कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस होत नाही.

एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसली की मला आता वेगळंच काहीतरी होतं. आधी फक्त अभिमान वाटायचा, आणि माझ्या त्या स्टेशनरीच्या खोलीमुळं जरा हेवा. हिरकणी गडावर दूध विकायला आली होती, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला. चौथीत असल्यापासून मला ती गोष्ट पाठ आहे आणि इतक्या वर्षांत माझ्या कधी मनातही आलं नाही की ती जे दूध विकायला आली होती ते कुणाचं होतं. तिच्याही गोठ्यात कुणीतरी मागं वळून उभं असेल. हे लिहिताना मला हिरकणीचं मोठेपण कमी करायचं नाहीये, उलट मला वाटतं तिला हे सगळ्यात आधी कळलं असतं. रोज पान्हा सोडवणाऱ्या बाईला तो काय असतो हे कळल्याशिवाय कसं राहील. माझी काकी पहाटे जे बोलते ना चंद्रीशी, ते माझ्याशी किंवा तिच्या सुनांशी कधी बोललेली मी ऐकलं नाही. त्यात गोडी लावून काम करून घेणं आहे हे मला दिसतं. पण ऐकताना मला दुसरंही काहीतरी ऐकू आलं. काकीचं पहिलं मूल जगलं नव्हतं, पाच दिवसांचं होऊन गेलं. घरात यावर कुणी बोलत नाही. त्या वेळी तिची छाती कशानं बांधली असेल, कोण तिच्याशी हळू बोललं असेल, मला माहीत नाही.

तीन-चार महिन्यांनी काकीनं फोनवर सहज सांगितलं की ते आता लागत नाही, चंद्री तिच्या आवाजावरच पान्हावते. मग त्याचं काय केलं? "ह्यांना पुरायला सांगितलं. बांधाला. त्येच्यापाशीच." एवढं बोलून ती लगेच आंब्याच्या मोहरावर गेली.

2025 च्या श्रावणात चंद्री परत व्यायली. मी या वेळी चीक पाठवू नको म्हणून सांगितलं होतं, काकी म्हणाली पाठवणारच नव्हते. पंधरा दिवसांनी मुलीला घेऊन गावी गेले. पाऊस बारीक, अंगणात शेवाळ, गोठ्यात डासांसाठी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केलेला. यंदाही नरच. काळंभोर, डोक्यावर आईसारखा पांढरा ठिपका, पाय अंगाला मोठे झाल्यासारखे. ते आईच्या जवळच बांधलं होतं, दावं लांब सोडलेलं, तोंड कासेपर्यंत पोचेल असं. काका काहीतरी निमित्त काढून म्हणाले, आता पाऊसपाण्याचं लांब कुठं बांधायचं त्याला. धार काढताना काकी दोन सड सोडून उठली. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, "डेअरीवाला विचारतोय दूध कमी का. म्हणलं म्हातारी झाली म्हस."

मुलीला रेडकाला हात लावायचा होता. काकी म्हणाली थांब, चंद्री अंगावर येती. एरवी इतकी गरीब म्हैस. मी नीट बघितलं तर ती गव्हाणीला सरळ उभीच नव्हती. अख्खं अंग आडवं घातलेलं, दावं मानेत रुतेपर्यंत ताणून, रेडकू एका बाजूला आणि कुंपणातली ती फट दुसऱ्या बाजूला. रेडकू पीत पीत पलीकडं सरकलं की तीपण चार पावलं सरकायची आणि परत मध्ये यायची. शेरातून कुत्रं आलं तेव्हा तिनं मान खाली घालून असा फुत्कार टाकला की मुलगी माझ्या मागं लपली.

"अशी का उभी राहते गं ही?" मी विचारलं.

काकी धुरापुढं पाला सारत होती. "तिकडनं झड येती पावसाची," म्हणाली, आणि मग उठून एक जुनं पोतं घेऊन गेली आणि फटीवर बांधायला लागली. तिला एका बाजूची गाठ बसेना म्हणून मी दुसरं टोक धरलं.